दुसरीची पात

मार्गशीर्षातल्या सकाळी हरभऱ्याच्या रानात बसलं, की पहिला तासभर हाताची बोटं आपली वाटत नाहीत. पानांवर आंब उतरलेली असते. भेगाळलेल्या हातांना ती झोंबते, लुगड्याला लागली तर डाग पाडते आणि चुकून ओठाला लागली तर जीभ आंबट होते. औटीवस्तीच्या बाया अशाच एका सकाळी ओळीनं खुरपायला बसल्या होत्या. आठ बाया, आठ पाती. बसलेल्या बाईच्या पुढ्यातला दोन हातांचा जमिनीचा पट्टा ही तिची पात. ती तिनंच या बांधापासून त्या बांधापर्यंत न्यायची. पण एखादी मागं पडली, तर शेजारची आपली पात सांभाळून तिच्या पातीतलंही हातभर तण काढून घेई. रानाचा मालक बांधावर आला की त्याला सगळी रांग एकसारखी दिसे. असं करायचं कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, आणि केल्यावर कुणी बोलूनही दाखवत नसे.

केशरबाई या टोळीची पुढारी. पन्नाशीची, उभट चेहऱ्याची, आवाज खणखणीत. तिच्या डाव्या हाताला तिची धाकटी जाऊ चांगुणा. चांगुणा लग्न होऊन आली तेव्हापासून तेवीस वर्षं तिची बसायची जागा तीच होती. ती हाताला हळू होती. तण मुळासकट निघालं नाही तर तिला पुढं सरकवत नसे. त्यामुळे रोज दुपारपर्यंत ती चार हात मागं राही, आणि रोज दुपारी केशरबाईचं खुरपं काही न बोलता डावीकडं वळे.

रांगेच्या पार टोकाला रंगुबाई बसायची. तिच्या शेजारची पात घ्यायला सहसा कुणी पुढं होत नसे.

ऊन जरा वर आलं तशी ज्योती बांधावरून येताना दिसली. ज्योती गावची आशाताई. काखेत रजिस्टर, पायात धुळीनं पांढरे झालेले बूट.

"ए ज्योतीताई, आज काय वाटायला आनलंस? गोळ्या का पावडर?" मथाबाई ओरडली.

"आज वाटायला काय न्हाई. आज तुमालाच न्यायला आले."

"कुटं? आमचं लगीन लावतीस का काय परत?"

"पयल्यानंच दमलीस की गं तू," पलीकडून कुणी तरी म्हणालं आणि रांग हसली.

ज्योती हसता हसता बांधावर टेकली. "ऐका. उद्या आन् परवा उपकेंद्रात बायांची तपासनी हाय. तीसच्या वरच्या सगळ्या. तोंड बघत्यात, छाती बघत्यात, आन् पिशवीचं तोंड बघत्यात. नगरहून शिस्टर येनार हायेत, बाईमानूसच. कॅन्सर हाय का न्हाई ते आधीच कळतं."

खुरप्यांचा आवाज थांबला. मथाबाईनं बाजूला थुंकून घेतलं. "सकाळच्या पारी नाव तरी नीट घे बया. मोठा आजार म्हन."

"नाव घेतल्यानं हुतंय व्हय मावशी?"

"न्हाई हुत, तर घ्यायचंच कशाला?"

टोकाला बसलेली रंगुबाई मान वर न करता म्हणाली, "जावा गं. जीव वाचतो. मी न्हाई का बसले तुमच्या म्होरं?"

खुरपी पुन्हा चालू झाली. तीन वर्षांपूर्वी रंगुबाईच्या छातीत गाठ निघाली होती. दवाखान्याची गाडी दिवसाउजेडी तिच्या दारात आली, आणि ड्रायव्हरनं सगळ्या आळीला ऐकू जाईल असं तिचं नाव पुकारलं. ऑपरेशन झालं, केस गेले, परत आले. ती पुन्हा खुरपायला येऊ लागली. पण टोळीच्या कळशीतून पाणी प्यायची वेळ आली की बायांचे हात आखडायचे. मग तिनं स्वतःच घरून बाटली आणायला सुरुवात केली. तिच्या थोरल्या मुलीची ठरत आलेली सोयरीक त्याच साली मोडली. ती मुलगी अजून घरी होती. वस्तीनं एवढंच लक्षात ठेवलं. रंगुबाई जिवंत आहे, हे कुणी हिशेबात धरत नव्हतं.

ज्योतीनं नावं वाचायला सुरुवात केली. चांगुणाचं नाव आलं तेव्हा चांगुणा तण उपटत राहिली. ज्योतीनं पुन्हा हाक मारली.

"येतीया ती," केशरबाई म्हणाली. "लिव तू."

*

संध्याकाळी चुलीपुढं भाकरी थापता थापता चांगुणा म्हणाली, "बाई, मला न्हाई जमायचं."

"काय न्हाई जमायचं?"

"ते तपासनीचं."

केशरबाईनं काटवटीतलं पीठ पुढं ओढलं. दोन्ही भावांची घरं वेगळी होती, पण चूल अजून एकच होती. "लाजतीस का? बाईच हाय म्हनली ना ज्योती."

"लाज हाय ती हायच. पर तेवढंच न्हाई." चांगुणाचा हात तव्यावरच थांबला. "माझ्या आईचं तुमाला ठावं हाय. पुनतांब्याला असताना जबड्यात नुसती सुपारीएवढी गाठ हुती. चार वर्सं काय दुखत नव्हती का खुपत नव्हती. मग तपासायला म्हनून नेली, सुई टोचली. लोखंड लागलं आन् ते पसरलं. दोन म्हैन्यांत गेली बघा. गोदावरीच्या घाटावर आमी उभ्या हुतो तवा माझा बाप एकच म्हनत हुता, कशाला हात लावू दिला, कशाला हात लावू दिला."

"ती गाठ चार वर्सं वाढतच आसंल की गं."

"आसंल. पर मेली सुईनंच."

भाकरी करपल्याचा वास आला. चांगुणानं ती उलटली. "आन् रविवारी कोपरगावचे पाव्हने यायचेत माझ्या ज्ञानेश्वरीला बघायला. साखर कारखान्यात चिकटलेला पोरगा हाय. समजा माझं काय निघालं आन् ती गाडी आली दारात. रंगुबाईच्या पोरीचं काय झालं?"

केशरबाईनं करपलेली भाकरी उचलून आपल्या बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी केशरबाई एकटीच गेली. उपकेंद्राच्या खोलीत चादरीचा आडोसा केलेला होता. आत एक लोखंडी टेबल, खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवलेली. सिस्टर तरुण होती, हात गरम होते तिचे. "मावशी, अंग सैल सोडा. लांब श्वास घ्या." कापसाच्या बोळ्याला आंबट वास होता. हरभऱ्याच्या रानासारखा, केशरबाईला वाटलं. छताकडं बघत ती पंख्याची पाती मोजत होती, तिन्ही मोजून व्हायच्या आत सिस्टर म्हणाली, "झालं. उठा. काही नाही तुम्हाला."

"येवढंच?"

"एवढंच."

तिनं घरी येऊन सगळं सांगितलं. दुखलं नाही, सुई नाही, लोखंड म्हणजे नुसतं एक चमच्यासारखं. चांगुणानं ऐकून घेतलं आणि चमचा हा एकच शब्द धरून बसली. "लोखंडच की ते."

त्याच दिवशी ज्योती दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा ज्ञानेश्वरी अंगणात होती आणि शेजारची म्हातारी कुंपणापाशी कान लावून उभी होती. "चांगुणामावशी, वस्तीत तुमचं एकटीचंच राह्यलंय," ज्योती मोठ्यानं म्हणाली. "सगळ्यांचं झालं की गावाचं नाव येनार हाय तालुक्यात. रविवारी बी येते मी, काय?"

"रविवारी नगं," चांगुणा घाईनं म्हणाली. तिचा चेहरा पडला.

ज्योती गेल्यावर ती केशरबाईच्या पायरीशी येऊन बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. केशरबाईनं तिच्याकडं बघितलं आणि रोज दुपारी बघायची तसंच बघितलं. चार हात मागं राहिली आहे.

"दे तुझं आधारकार्ड," ती म्हणाली.

"काय?"

"दे म्हनते ना. त्या फोटूत कोन कुनाला वळखतंय? पदर डोईवर, डोळं वटारल्यालं. आपन दोघीबी त्यात चोरावानीच दिसतो."

चांगुणा हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. "बाई, तुमी खरंच?"

"ज्योती उद्या मळ्यातल्या बाया आनायला जानार हाय, ती नसंल तिथं. शिस्टर बी दुसरी हाय. तुझी पात म्या वढते. मग कुनी येत न्हाई दारात."

दुसऱ्या दिवशीची सिस्टर वयानं मोठी होती आणि घाईत होती. "नाव?"

"चांगुना कानिफनाथ औटी."

"वय?"

"चव्वेचाळीस."

"पाळी येते का?"

केशरबाई अडखळली. "गेली. वरीस झालं."

"त्यानंतर कधी डाग? मधेच रक्त? घाण वास? कंबर दुखणं?"

"न्हाई. न्हाई. काय न्हाई तसलं."

पुन्हा ते टेबल, तो आंबट वास, पंख्याची ती तीन पाती. बाहेर पडताना तिच्या हातात हिरवं कार्ड होतं. ज्ञानेश्वरीनं ते घरी वाचून दाखवलं. "चांगुणा कानिफनाथ औटी. तपासणी सामान्य." मग तिनं आईच्या गळ्यात हात टाकला. "बघ, किती घाबरत होतीस. काही झालं का?"

चांगुणानं ते कार्ड रेशनकार्डाच्या डब्यात ठेवलं. रविवारी पाहुणे आले, पोहे खाल्ले, मुलगी पसंत करून गेले. लग्न वर्षभरानं करायचं ठरलं.

*

भाद्रपदात चांगुणाला मुगाच्या शेंगा तोडताना चक्कर आली. तिचा नवरा कानिफनाथ सुप्याच्या कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला होता. सुट्टी टाकून त्यानं तिला सुप्यातल्या एका दवाखान्यात नेलं. संध्याकाळी परत आल्यावर ओट्यावर बसून तो केशरबाईला सांगू लागला.

"अंगात रगत कमी हाय म्हनले, वहिनी. अंगावरनं जातंय थोडं. डॉक्टर म्हनले, वय हाय, उष्नता हाय. त्यांनी इचारलं बी, कधी तपासनी केलीय का? म्या लगेच कार्ड काढलं. बघून म्हनले, मग काळजी न्हाई. लाल गोळ्या दिल्यात."

तो ते कार्ड खिशातून काढून परत डब्यात ठेवत होता. ते त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेलं होतं, ओलं होऊ नये म्हणून.

केशरबाई खरं सांगायला पुढं सरकली. तिनं चांगुणाकडं बघितलं. चांगुणानं मान हलवली, इतकी थोडी, की ती फक्त केशरबाईलाच दिसली.

दिवाळीच्या आधी घरातल्या वाकळा धुवायला दोघी विहिरीवरच्या हौदावर गेल्या. चांगुणाच्या बोचक्याच्या तळाशी जुन्या लुगड्याच्या घड्या होत्या. केशरबाईनं त्या उचलल्या आणि वासानंच ओळखलं. कितीही धुतलं तरी न जाणारा वास होता तो.

"कवापासनं हाय हे?"

चांगुणा साबण घासत राहिली.

"चांगुना, कवापासनं?"

"तवाच पडलं हुतं दोनदा. तुमी तपासायला गेल्ता त्याच्या आधी. म्या म्हनलं, पाळी परत आली आसंल. हुतं की कुना कुनाला."

केशरबाई हौदाच्या काठावर बसली. पाणी गार होतं, तिचे पाय त्यात होते, पण ते तिला जाणवत नव्हतं.

"मला त्यांनी इचारलं हुतं," ती म्हणाली. "डाग पडत्यात का म्हनून."

"आन्?"

"म्या न्हाई म्हनले."

दोघींच्या मधून साबणाचं पाणी वाहत मळ्याकडं गेलं. मग चांगुणाच म्हणाली, "तुमाला काय ठावं, बाई. म्या सांगितलंच न्हवतं."

"आजच सांगते कानिफनाथाला. नगरला नेऊ."

चांगुणानं ओल्या हातानं तिचं मनगट पकडलं. तिची बोटं हाडांवर हाड लागावं तशी लागली. केव्हा एवढी वाळली ही, केशरबाईला कळलं नव्हतं. "माघात लगीन हाय. आता सांगितलं तर पोरीचं मोडंल. तीन म्हैनं हायेत फकस्त. लगीन हू द्या, मग नगर म्हना, पुनं म्हना, कुटं बी येते. लोखंड बी लावा. तुमाला माझी आन हाय."

"तीन म्हैन्यांत काय हुईल ठावं हाय का तुला?"

"आन् सांगितलं तर काय हुईल, ते ठावं हाय."

केशरबाईनं शब्द दिला. पुढं कितीदा तरी तिनं या क्षणाकडं वळून बघितलं. हिरव्या कार्डाच्या दिवशी ती अजाण होती. हौदावर अजाण नव्हती.

त्या वर्षी हरभरा खुरपताना चांगुणा दोन्ही गुडघे एका बाजूला घेऊन बसायची. मग एक हात जमिनीला टेकून. मग अर्ध्या दिवसानं उठून बांधावरच्या बाभळीखाली जाऊन पडायची. केशरबाई तिची पात पूर्ण ओढायची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एका हातानं दोन पाती. मालकानं एकदा विचारलं, "सात बायांत आठ पाती कशा निघत्यात तुमच्या?" मथाबाई म्हणाली, "आमची पुढारीन राकुस हाय." सगळ्या हसल्या. केशरबाईच्या तळहाताला फोड आले होते आणि त्यांत आंब जात होती. ती ते दुखू देत होती.

एक दिवस टोकावरून रंगुबाई उठून तिच्याजवळ आली. हलक्या आवाजात म्हणाली, "केशरबाई, मला वास कळतो. दवाखान्यात माझ्याच खोलीत अशा बाया हुत्या. येळ घालवू नगा."

"तुला लई कळतं," केशरबाई फटकन म्हणाली. "आपली पात बघ."

रंगुबाईनं तिच्याकडं क्षणभर बघितलं आणि आपल्या टोकाला परत गेली.

*

ज्ञानेश्वरीचं लग्न माघात झालं. अंगाला हळद लागलेली मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, तेव्हा चांगुणा दात ओठांत रोवून ताठ बसली होती. मांडीवरचं ते वजन तिला सोसवत नव्हतं. वरमाय तिला म्हणाली, "विहीनबाई, लई वाळला तुमी." चांगुणा म्हणाली, "पोरीच्या काळजीनं." आणि हसली.

वऱ्हाडाचा टेम्पो गेल्यावर तिसऱ्या दिवशी केशरबाई पहाटेच्या उजेडात फाट्यावर गेली. कानिफनाथ कारखान्याच्या गाडीची वाट बघत उभा होता. गळ्याला मफलर, हातात डबा.

"वहिनी? काय झालं?"

"ते कार्ड चांगुनाचं न्हाई."

त्याला कळलं नाही. तिनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. पायरी, आधारकार्ड, दोन सिस्टर, हौद. सांगताना ती रस्त्याकडं बघत होती. गाडी आली, थांबली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि गाडी गेली.

"म्या ते कार्ड डॉक्टरला दाखवलं," कानिफनाथ म्हणाला. "माझ्या हातानं."

"व्हय."

"पलास्टिकमदी घालून नेलं हुतं म्या."

त्यानं तिला शिवी दिली असती, हात उचलला असता, तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं डबा खाली ठेवला, उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग घराकडं चालू लागला. त्या दिवसानंतर तो तिला कधी वहिनी म्हणाला नाही. काहीच म्हणाला नाही.

नगरला तपासणी झाली, तिथून पुण्याला. तपासायला तुकडा काढला, किरणांचा शेक द्यायला सुरुवात झाली. मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई शांतपणे बोलली. पिशवीच्या तोंडाचा आहे, आता आजूबाजूला धरलाय. सुरुवातीला हा आजार फार हळू चालतो, वर्षानुवर्षं. डाग पडू लागले तेव्हाच आल्या असत्या, तर बरीच आशा होती.

"शिवल्यानं पसरतो का हो, बाई?" केशरबाईनं विचारलं. "लोखंड लागल्यानं?"

"नाही मावशी. वाट बघितल्यानं पसरतो."

शेकाचे दिवस संपल्यावर चांगुणाला घरी आणलं. वस्तीला आता कळलं होतं. शेजारची म्हातारी कुंपणापलीकडूनच विचारपूस करी. मथाबाई आली, उंबऱ्याबाहेर बसली आणि पुढं केलेला चहा "आताच घेतला" म्हणून तसाच ठेवून गेली. कोपरगावाहून ज्ञानेश्वरी आली ती चार दिवसांसाठी. तिला तिच्या सासूनं बजावून पाठवलं होतं, की आईचं ताट वेगळं ठेव. तिनं ते केशरबाईला रडत सांगितलं.

केशरबाईनं चांगुणाच्या उशाचा तांब्या उचलला आणि ज्ञानेश्वरीसमोर तोंड लावून अर्धा प्याली. "बघ. हे कुनाला हुत न्हाई आसं. सांग तुझ्या सासूला, माझी मोठी आई रोज पिते म्हनावं."

पोरीनं तिच्याकडं वेगळ्याच नजरेनं बघितलं. तिला बापानं सांगितलेलं असावं. ती म्हणाली, "मोठे आई, मीच वाचलं होतं ना ते कार्ड?"

"व्हय बाळा."

"मी किती खूश झाले होते." ती आईचे पाय चेपायला लागली.

एकटी रंगुबाई रोज यायची. चांगुणाची कूस बदलायची, केस विंचरायची. तिला ते जमत होतं. केशरबाई तिला एकदा म्हणाली, "त्या दिवशी म्या तुला तोडून बोलले." रंगुबाई म्हणाली, "सगळीच बोलत्यात. तो कडूलिंबाचा पाला आना इकडं, शेगडीवर टाकू, वास जाईल जरा."

भादवा सरता सरता चांगुणाचा आवाज बसला. एका दुपारी केशरबाई तिच्या ओठांना कापसानं पाणी लावत होती. चांगुणानं डोळे उघडले.

"बाई, हरभरा पेरला का?"

"अजून कुटं? दसरा हू दे की."

"औंदा माझी पात नगा वढू," ती म्हणाली. "तुमचं हात सोलून निघत्यात."

दसऱ्याच्या आधी पाच दिवस ती गेली.

*

मार्गशीर्षात ज्योती पुन्हा आली. या वेळी तिनं बांधावरून हाक मारली नाही. उपकेंद्राच्या ओसरीत बायांना बोलावलं, सतरंजी अंथरली आणि जुनं रजिस्टर उघडलं. दोन वर्षांपूर्वीची यादी तिच्या मांडीवर होती. रंगुबाई एका बाजूला भिंतीला टेकून बसली होती.

"ज्यांची मागं झालीय त्यांची नावं आधी वाचते," ज्योती म्हणाली. मथाबाईचं नाव आलं. केशरबाईचं आलं. मग ज्योतीचं बोट एका ओळीवर थांबलं आणि ती ओळ न वाचता पुढं सरकू लागलं.

"वाच ते," केशरबाई म्हणाली.

"असू द्या, मावशी."

"मोठ्यानं वाच."

ज्योतीनं वाचलं. "चांगुणा कानिफनाथ औटी. तपासणी झाली. सामान्य."

केशरबाई उठून उभी राहिली. गुडघ्यावर हात ठेवूनच तिला उठावं लागलं. "खोड ते. ती न्हवती आली. तिच्या नावावर म्या झोपले हुते त्या टेबलावर. त्यांनी इचारलं डाग पडत्यात का, आन् म्या तिच्या नावानं न्हाई म्हनून सांगितलं. तिला पडत हुते." तिचा खणखणीत आवाज मधेच फाटला. "समद्यांना वाटतं, तपासून बी मेली. मंग तपासून उपेग काय, आसं तुमी म्हनता. म्या ऐकलंय. ती तपासून न्हाई मेली. तिला कुनी तपासलंच न्हाई."

ज्योतीच्या हातातलं पेन तसंच राहिलं. त्या यादीवर तालुक्याला गावाचं नाव आलं होतं, टाळ्या पडल्या होत्या, तिचा फोटो निघाला होता.

मथाबाई सतरंजीचा दोरा ओढत म्हणाली, "ज्योती, माझ्या म्होरचं बी खोड."

"म्हंजी?"

"माझी सून गेल्ती माझ्या नावावर." तिनं पदर तोंडावर घेतला. "मला दोन म्हैनं झालं, तोंड पुरं उघडत न्हाई. भाकरी बारीक करून खाते. म्या कुनाला सांगितलं न्हाई."

रंगुबाई भिंतीपासून उठली, मथाबाईच्या शेजारी जाऊन बसली आणि आपली पाण्याची बाटली तिच्यापुढं ठेवली. मथाबाईनं बाटलीकडं बघितलं. मग ती उचलली. तिला आ करून वरून पाणी घालता येईना, म्हणून तिनं बाटलीला ओठ लावले.

आतून नाव पुकारलं गेलं. केशरबाई चादरीच्या आडोशाआड गेली. तेच टेबल, तोच आंबट वास. सिस्टर नवी होती, तिनं मान खाली घालून लिहायला घेतलं.

"नाव?"

"केशरबाई सहादेव औटी."

"आधी तपासणी झाली आहे का?"

"झालीय," केशरबाई म्हणाली. "दोनदा."

सिस्टरनं कागद उलटून बघितला. "इथं एकदाच दिसतेय."

केशरबाई टेबलावर आडवी झाली आणि वर बघू लागली. पंखा बंद होता. तीन पाती होती.